तिरडीचा शॉट

ज्ञानदा माध्यमशास्त्राच्या अभ्यासासाठी नव्या चित्रपटाचा ट्रेलर एकेक शॉट थांबवून पाहत होती. तिरडीचा शॉट आला आणि तिने तो पुन्हा मागे नेऊन पाहिला. नाकात कापूस घालून निजलेले ते बाबाच होते. सकाळीच डबा घेऊन कारखान्यात गेलेले.

आई पदराला हात पुशीत डोकावली. हे दिसलं तर ती हाय खाईल, म्हणून ज्ञानदाने घाईघाईने लॅपटॉप मिटला.

“मिटलास कशाला? मला ठाऊक आहे,” आई हळूच म्हणाली. “कारखाना बंद पडून वर्ष झालं. सिनेमावाले देतील ते काम करतात. तू पाहिलंस, हे त्यांना कळू देऊ नकोस हो. लेकीपुढे मान खाली जाईल त्यांची.”

“आणि तुला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. पहिल्यांदा तिरडीवर निजले, त्या दिवसापासून सोमवार धरलेत मी.”