देवराईतला ओंडका

"चितेला एक तरी ओंडका देवराईतला घेऊ. झाड आपणहून पडलेलं आहे," भिकूकाका म्हणाले. "अगो, तुझ्या बाबांनी जन्मभर राखली ती. एवढाही मान नको त्यांना?"

ती इतकी दमली होती की नुसती मान हलवून मोकळी झाली असती. पण देवराईतली काडीही बाहेर न्यायची नाही, हा बाबांचाच नियम. लहानपणी तिने तिथली गारंबीची बी खिशातून आणली, तेव्हा भर उन्हात त्यांनी तिला परत पिटाळलं होतं.

"आज त्यांच्या मानासाठी ओंडका काढलात, तर उद्या प्रत्येकासाठी निघेल, काका. दारातला आंबा तोडा."

सगळं उरकून परतताना ती देवराईच्या कडेला थांबली. पदराला चिकटलेलं तिथलं वाळकं पान तिने सोडवलं आणि आत टाकलं.

"टाकलं हो, बाबा."