नदीकाठची टेकडी

"निसर्गात सरळ रेघ नसते," असं गंभीरपणे जाहीर करून बायकोने बैठकीच्या खोलीतले पडदे कापले. तिला प्रदर्शनासाठी कलात्मक गोधडी शिवायची होती. पडद्यांचे आणि जुन्या साड्यांचे वळणदार तुकडे जोडून तिने नदी केली, शेतं केली. गोधडीच्या पोटात भरायला मात्र तिला घरातलं कुठलंही जुनं फडकं चालत होतं.

त्याच आठवड्यात माझी कवळी हरवली. दुपारी झोपताना मी ती पंचाच्या तुकड्यात गुंडाळून उशाशी ठेवत असे.

प्रदर्शनात परीक्षक बाई आमच्या गोधडीसमोर थबकल्या. नदीच्या वळणावर आलेल्या उंचवट्यावरून त्यांनी हळूच बोटं फिरवली. "बाकी सगळ्या सपाट आहेत हो. इथे जमीन श्वास घेतेय. कसं सुचलं तुम्हाला?"

बायकोने त्या उंचवट्याकडे पाहिलं, मग माझ्या बोळक्याकडे. तिचा चेहरा पडला.

"आतूनच आलं," ती म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडलं, तशी तिने माझा दंड धरला. "अहो, गप्प बसा ना. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं काम थांबून बघतंय."

मी तोंड मिटलं. तसंही ते आता पटकन मिटतं.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. गोधडी वर्षभर कलादालनात, काचेच्या आड राहणार आहे.

आमच्याकडे रोज मऊ भात असतो.