बकुळीखालची हिरवळ

फोन वाजला तेव्हा नलिनीताई आठल्ये सकाळचा चहा गाळत होत्या. सूचना सोसायटीच्या बागेकडून आली होती. हल्ली पाणी किती, खत कोणतं, हे बागेची माती स्वतःच ठरवायची आणि रहिवाशांनी कसं वागायचं तेही तीच कळवायची. कमिटी नुसती मान डोलवायची.

"साठीपुढच्या सभासदांनी रोज बकुळीखाली अनवाणी बसावं."

ताईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. त्याच बकुळीखाली त्यांनी यजमानांच्या अस्थी गुपचूप पुरल्या होत्या. 'नदीत नको, झाडाला घाल,' असं तेच सांगून गेले होते. बाहेरचं काही मातीत घालायचं नाही, हा नियम मोडला, एवढीच टोचणी ताईंना होती. उन्हाळ्यात सगळं लॉन करपलं, पण तेवढा तुकडा गर्द हिरवा राहिला होता.

फोन हातात घेऊन त्या तशाच अनवाणी खाली धावल्या. सेक्रेटरी टिपणीस हिरवळीवर पाय पसरून बसले होते.

"टिपणीस, उठा आधी!"

"अहो, काय गार वाटतंय! पायांना मुंग्या आल्यात, तेवढ्या उतरू देत," ते डोळे मिटूनच म्हणाले.

ताईंनी दंड धरून त्यांना ओढलं. टिपणिसांचे पाय उचलले गेले, आणि त्यांच्याबरोबर तळव्यांत मुळं रुजलेलं गवतही मातीसकट वर आलं.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"नलिनीताई, बसा. यजमानांशेजारची जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे."

ताईंच्या तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या होत्या.