पहिला धडा

"काका, आज बोलणं नाही. आज थेट मारूनच बघा," प्रशील म्हणाला आणि त्यानं गोल्फची स्टिक रतिलालच्या हातात दिली.

बाकावर बसलेली त्यांची बायको चारुलता दचकली. असं ठरलं नव्हतं. रोज आधी पहिला धडा व्हायचा. पावलांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे जरा सैल, डावा हात वर, उजवा खाली. दिवाळीपासून रोज सकाळी हाच धडा, कारण काल शिकलेलं रतिलालना आज आठवत नसे. दोंडाईच्याचं आपलं कापडाचं दुकान आठवे, तिथली गिऱ्हाइकं नावानिशी आठवत, पण आत्ता चहा घेतला की नाही, ते आठवत नसे.

मेहरूण तलावावर धुकं उतरलं होतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं, काही कळत नव्हतं. तलावाजवळच्या या मोकळ्या प्लॉटवर प्रशीलनं गवत वाढवून गोल्फ शिकवायची जागा केली होती. पुण्यात शिकून गावी परतलेला पोरगा. एकदा फिरायला आले असताना रतिलाल इथं थांबले आणि उडणारे चेंडू बघत राहिले, हलेचनात. म्हणून यांना शिकवशील का, असं चारुलतानं प्रशीलला विचारलं होतं. इथं असले की ते कुणावर चिडत नसत, घराचं दार कुठाय म्हणून विचारत नसत. तेवढ्या बळावर तिचा बाकीचा दिवस निघायचा.

रतिलालची बोटं स्टिकवर आपोआप जागच्या जागी बसली. पाठ वाकली, खांदे वळले, स्टिक सावकाश वर गेली आणि खाली आली. टक् असा कोरडा, स्वच्छ आवाज झाला. चेंडू उठला आणि धुक्यात शिरला. पडल्याचा आवाज आलाच नाही.

प्रशीलनं टाळी वाजवली. रतिलाल मात्र आपल्या हातांकडे बघत होते. ते हात दुसऱ्या कुणाचे असावेत, तसे.

"हाई बठ्ठं कोन शिकाडं माले?" त्यांनी हळूच विचारलं.

"मीच शिकवलं की हे सगळं, काका! दिवाळीपासून रोज येताय तुम्ही," प्रशील आनंदाच्या भरात बोलून गेला.

रतिलालनी त्याच्याकडे बघितलं. हा पोरगा त्यांना आज पहिल्यांदाच दिसत होता. मग त्यांनी गवताकडे बघितलं, तलावाकडे बघितलं. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"रोज?"

स्टिक त्यांच्या हातातून गळून पडली. "चाल, घर चाल," ते चारुलताला म्हणाले.

तिला पुढचं दिसलं. घरी जाऊन ते दार लावून बसतील. दुपारपर्यंत कारण विसरतील, पण भीती विसरणार नाहीत. ती तशीच आत राहील आणि उद्या सकाळी ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाहीत.

ती उठली. पदर खोचला आणि पडलेली स्टिक उचलली. आजवर तिनं ती कधी हातात घेतली नव्हती.

"माले दखाडा ना जरा, कशी धरतस ती," ती रतिलालना म्हणाली.

मुसळ धरावं तशी तिनं स्टिक दोन्ही मुठींत आवळली आणि चेंडूसमोर उभी राहिली. रतिलाल रस्त्याकडे वळले होते. थांबले. तिच्या मुठींकडे त्यांची नजर गेली आणि कपाळाला आठी पडली. त्यांना ते बघवेना.

"आसं नही," म्हणत ते परत आले.

तिच्या मागं उभं राहून त्यांनी तिचं एकेक बोट सोडवलं आणि परत बसवलं. "रेशीम धरतस तशी धर. सुरकुती पडाले नको."

हे प्रशीलनं कधी शिकवलं नव्हतं. तो ऐकत राहिला. मग एकाएकी लाजला आणि पाठ फिरवून लांब पडलेले चेंडू गोळा करायला निघून गेला. दुकान, दीर, सासरे, गिऱ्हाइकं. साऱ्या संसारात रतिलालनी उघड्यावर चारुलताचा हात कधी धरला नव्हता. आता तिच्या हातांवर त्यांचे हात होते, उबदार, जराही न कापणारे.

"खांदा ढिला सोड. डोकं हालावू नको. चेंडू गया तरी डोकं तठेच."

तिनं स्टिक फिरवली. थोडं गवत उडालं, चेंडू जरासा घरंगळला आणि धुक्याच्या कडेला जाऊन थांबला. तिला हसू आलं.

रतिलाल हसले नाहीत. ते तिच्यापासून एक पाऊल मागं सरकले, मग आणखी एक. हात पाठीशी बांधले आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकांशी दुकानात बोलत, तशा स्वच्छ मराठीत म्हणाले,

"छान. पहिल्याच दिवशी चेंडूला लागली. हात चांगला आहे तुमचा. उद्या याल ना?"

ते 'तुमचा' तिच्या आत उतरायला वेळ लागला. तिनं मान वर केली नाही. चेंडू जिथं होता, तिथल्या दबलेल्या गवताकडे ती बघत राहिली.

"येईन," ती म्हणाली.

"घरी कुणी काही म्हणणार नाही ना?"

"नाही. घरचं माणूस फार चांगलं आहे."

रतिलालनी समाधानानं मान डोलावली. मग ते वाकले आणि त्यांनी तिच्यासाठी दुसरा चेंडू गवतावर ठेवला.