रातव्याचं थडगं

“माझा कशाला? मुलाचाच नमुना घ्या,” काका म्हणाले. “भावापेक्षा मुलगा जवळचा.”

आईने हातातली कपबशी तशीच खाली ठेवली. भाऊजींचाच नमुना घ्या, सख्खा भाऊच तो, पोराला कशाला त्रास, असं तिनेच मघाशी सुचवलं होतं. पण डॉक्टरीणबाईंना काकांचं म्हणणं पटलं. त्यांनी मुलाला आ करायला सांगितलं आणि कापसाची काडी त्याच्या गालाच्या आतून फिरवली. थडग्यातल्या हाडांचा नमुना सकाळीच काढून झाला होता. आता दोन्ही ताडून बघायचे, निकाल पुढच्या आठवड्यात, असं सांगून बाईंनी पेटी बंद केली.

थडगं रातव्याचं होतं. रातवा म्हणजे रात्री निघणारं एक पाखरू. अंगावरून उडून गेलं तरी चाहूल लागत नाही. त्या नावाच्या दरोडेखोराने एके काळी सगळ्या हमरस्त्यावर दहशत बसवली होती. मालमोटारी लुटल्या, माणसं मारली, आणि दगा देणाऱ्यांना तर असं संपवलं की पुढे लोक घरात बायकोशी बोलतानाही त्याचं नाव घेईनात. शेवटी एका पुलावर पोलिसांनी त्याला गाठलं. गोळ्यांनी चेहरा असा राहिलाच नव्हता. अंगातल्या कोटावरून त्याच्या बायकोने, म्हणजे याच आईने, ओळख पटवली. मुलगा तेव्हा पोटात होता.

माणूस मेला की त्याची कीर्ती बाळसं धरते. हल्ली लोक त्या थडग्याशी उभं राहून फोटो काढत. आत रातवा नाहीच, अशी वावडीही अधूनमधून उठे. पालिकेला तिथे पाटी लावायची होती, तेव्हा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरलं. मुलाला तर ते हवंच होतं. “तुझा बाप कुठे लपलाय रे?” हे ऐकून ऐकून लहानपणापासून त्याचे कान किटले होते.

बाईंना पोचवायला तो रस्त्यापर्यंत गेला. आईने दार लोटलं.

“अहो, वेड लागलंय का तुम्हाला?”

हे कुणी ऐकलं असतं तर चक्रावलाच असता. चारचौघांत ती काकांना भाऊजी म्हणायची आणि ते तिला वहिनी. पण वावडी खरी होती. थडग्यात रातवा नव्हता. रातवा तिच्या समोर बसून बशीतल्या चहावर फुंकर घालत होता.

थडग्यात होता त्याचा धाकटा भाऊ. त्या दिवशी गारठा फार, म्हणून तो थोरल्याचा कोट घालून थोरल्याच्याच कामाला निघाला आणि पुलावर सापडला. मग रातव्याने दाढी वाढवली, भावाचं नाव घेतलं, दोघा भावांना चेहऱ्याने ओळखणारं कुणी नाही अशा गावात बिऱ्हाड केलं आणि काका होऊन राहिला. तिने ओळख पटवली ती त्याच्याच सांगण्यावरून. पुरताना मात्र ती अशी धाय मोकलून रडली की बंदोबस्ताच्या पोलिसांनीही डोळे पुसले. नाटक कंपनीत गेली असतीस तर नाव काढलं असतंस, असं तो अजून तिला चिडवायचा.

“तुमचा नमुना दिला असता तर भाऊ म्हणून जुळला असता, विषय मिटला असता,” ती म्हणाली. “आता काय करायचं?”

“मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही,” तो म्हणाला आणि चहा प्यायला.

आठवडाभर तिला घास उतरला नाही. नमुने जुळले नाहीत तर त्याला फास होता, तिला तुरुंग होता आणि मुलाला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. निकाल यायच्या आत या माणसाने घर सोडावं म्हणून तिने विनवण्या केल्या. त्याची पिशवीही भरून दिली. त्याने त्यातून दाढीचं सामान काढून पुन्हा आरशापाशी मांडलं. नंतर दाराची कडी सैल झाली होती ती ठोकून घट्ट केली, आणि मुलाशी नव्या पाटीवर काय लिहावं याच्या गप्पा मारल्या. त्याचा तो शांतपणा तिला सोसवत नव्हता. जीव मुठीत धरून ती फाटकाकडे बघत राहायची.

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या, हसतच आल्या.

“जुळलं,” त्या मुलाला म्हणाल्या. “थडग्यात आहेत ते तुझे वडीलच. तिळमात्र शंका नाही.”

मुलगा काकांच्या गळ्यात पडून रडला. काकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आईने भिंत धरली. इतके दिवस जिची धास्ती होती तीच बातमी आली होती. बिचारीला आनंदाने भोवळ आली असं वाटून बाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि त्या निघाल्या. वडिलांना भेटून येतो, असं म्हणून मुलगाही त्यांच्याबरोबर गेला.

रातव्याने दार लावून घेतलं आणि पेलाभर पाणी आणून तिच्या पुढ्यात ठेवलं. तिची पाचावर धारण बसली होती. आता याला कळलं, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं.

“पाणी पी,” तो म्हणाला. “पोरगा कुणाचा ते मला तो जन्मायच्या आधीपासून ठाऊक आहे.”

तिने पेला बाजूला सारला.

“मग तेव्हा तुमच्या भावाला काही बोलला का नाहीत?”

“बोलायचं काय त्यात?” तो तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. “पुलावर पोलीस दबा धरून बसणार, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं.”