पहिला वार कुणावर

पाचही शत्रू बाबनरावांच्या शेजारून धावत पुढे गेले. एकानेही त्यांच्यावर तलवार उगारली नाही. पहिला डाव संपला, टीम हरली, आणि बाबनरावांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

या ऑनलाइन गेममध्ये पाच विरुद्ध पाच लढायचं, मधला बुरूज घ्यायचा. तीन डावांपैकी दोन जिंकले की सामना खिशात. बाबनराव हीलर होते, म्हणजे सोबत्यांच्या जखमा भरणारे. श्वेता टँक, ती पुढे उभी राहून मार झेलायची. बंटी आणि आणखी दोघं मारामारी करायचे. पूर्वी सगळ्याच टीमांचा एकच नियम होता, आधी हीलरला मारा. बाबनराव उभ्या आयुष्यात धावले नसतील तेवढे या गेममध्ये धावले होते. मग लढाया लांबतात अशी ओरड झाली आणि नव्या अपडेटमध्ये हीलरची ताकद निम्मी केली गेली. तेव्हापासून त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं.

निवृत्तीनंतर घरातही तसंच झालं होतं. सदर भागातल्या सरकारी ऑफिसात फायलीवरच्या त्यांच्या एका शेऱ्यावरून लोक तावातावाने भांडायला यायचे. आता ते काहीही बोलले तरी मुलगा "हो बाबा" म्हणायचा आणि गाडीची किल्ली घेऊन निघायचा.

हेडफोनमध्ये जरीपटका वस्तीत राहणाऱ्या बंटीचा आवाज आला. तो टीमचा कॅप्टन.

"काका, राग नका मानू. पुढच्या डावाले तुमच्या जागी अमोलले घेतो. मारणारा एक वाढला तर जमून जाईन."

पोराचं बरोबरच आहे, असं बाबनरावांना वाटलं. आपलं चुकत असेल हे त्यांना नेहमीच आधी वाटायचं. बाहेर पडायचं बटण त्यांच्या बोटाखाली होतं. ते थांबले.

"एक डाव दे गा," ते चाचरत म्हणाले. "श्वेता, तू बुरुजावर उभी राय. मी तुह्या मागं राहतो. पळणार नाही."

"अन् मारलं तर?" बंटीने विचारलं.

"मले आता कोण मारते?"

पूर्वी त्यांचा अर्धा वेळ जीव वाचवण्यात जायचा. जखमा भरायच्या त्या उरलेल्या अर्ध्यात. आता ताकद अर्धी होती, पण वेळ पूर्ण होता. ते एका जागी उभे राहून श्वेताच्या जखमा भरत राहिले. तिच्यावर चौघे तुटून पडले, तरी ती पडेना. दुसरा डाव बाबनरावांच्या टीमने जिंकला.

"टँकले झालं काय? मरूनच नाही राहिली!" समोरच्या टीमचा कुणीतरी वैतागून ओरडला.

तिसऱ्या डावात समोरच्या टीमला उलगडा झाला. बुरुजापाशी येताच पाचही जण श्वेताला सोडून बाबनरावांकडे वळले.

"काका, पळा!" श्वेता किंचाळली.

बाबनराव पळाले. पण सोबत्यांच्या आडोशाला नाही, तर पार उलट्या दिशेला, नाल्याकडे. पाचही तलवारी त्यांच्या मागे.

"मी या पाचायले घेऊन चाललो," ते धापा टाकत बोलले, जणू खरंच धावत होते. "तुमी बुरूज घ्या!"

नाल्याच्या काठावर त्यांना गाठलं गेलं. गेममधले बाबनराव मेले आणि पडदा करडा झाला. हेडफोनमध्ये एकच कल्ला उठला. बुरूज श्वेताने घेतला होता.

"अमोलले सांगा, घरीच राय म्हणा!" बंटी ओरडत होता. "काका, आहात का? काका?"

बाबनरावांनी हेडफोन काढून बाजूला ठेवला. त्यांची बायको वच्छलाबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"काहून हसून राहिले जी एकटेच? जिंकले वाटते."

"जिंकलो ना." बाबनरावांनी चष्मा काढला. "पण ते सोड वं. पाचही जणांनी सगळ्यांत पहिले मले मारलं."