मोकळी तार

"दादा, तार घट्ट आवळ, घरची वाट तिलाच ठाऊक," धाकटा मोंजी तिजानीला म्हणायचा.

मासेमारीच्या एका सफरीत मोंजी पाण्यात पडला. तिजानीनं जोडलेलं जीपीएस आंधळं झालेलं, ती जागा पुन्हा सापडलीच नाही. तेव्हापासून महदिया बंदराच्या धक्क्यावर टोमणा ठरलेला: "आला बघा, भावाला बुडवणारा वायरमन!"

आज त्याच बोटीवर तिजानी जीपीएसचा नवा अँटेना बसवत होता. वीज देणारी तांबडी तार अजून त्याच्या चिमटीत मोकळीच होती, तरी पडद्यावर ठिपका उमटला. बोट धक्क्याला बांधलेली. ठिपका भर समुद्रात.

"रईस," त्यानं कप्तानाला हाक मारली, "ही जागा कुठली?"

म्हाताऱ्या कप्तानाचा चहा सांडला. ठिपका हळूहळू बंदराकडे निघाला होता.

"तिथं मासळी दाट होती," तो पुटपुटला. "जीपीएसवरून आपला ठावठिकाणा दुसऱ्या बोटींनाही जायचा; तो दिसू नये म्हणून त्या दिवशी तार मीच उपटली होती, पोरा."